कराडचा लोखंडाचा व्यापारी कुड्याच्या लेण्यात काय करत होता?

प्रीतिसंगम (धागाकर्ता)

शाळेत पाठ केलेलं एक उत्तर आठवतंय का? उत्तरेस हिमालय व बाकी बाजूंनी समुद्र असल्याने आपली संस्कृती बाहेरच्या जगापासून अलिप्त राहिली, वगैरे. इजिप्तचं उत्तरही त्याच साच्यातलं, फक्त हिमालयाच्या जागी वाळवंट. चार ओळी लिहिल्या की चार मार्क. या उत्तराबद्दल माझी जुनी तक्रार आहे आणि तिचे पुरावे आमच्या कराडच्या आसपासच पडलेत, म्हणून हा धागा.

रायगड जिल्ह्यात मांदाडजवळ, राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला कुडे नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. त्यातल्या एका लेण्यात ब्राह्मीत कोरलंय की हे लेणं म्हणजे करहाकडच्या महिक नावाच्या लोहवाणियाचं दान. करहाकड म्हणजे आपलं कराड. आता हा कराडचा लोखंडवाला कुंभार्लीने उतरून चिपळूणकडून गेला म्हणा, नाहीतर वाईकडून पार घाटाने उतरून महाडावरून गेला म्हणा, सह्याद्री उतरल्याशिवाय कुड्याला पोचता येत नाही. आणि सहज फिरायला गेलेला माणूस परमुलखात लेणं कोरून घेत नाही. त्याचं तिथे नेहमीचं येणंजाणं असणार, खाडीवर ओळखीपाळखी असणार, पैसा तिथे फिरत असणार.

दुसरा पुरावा त्याच्याही आधीचा. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुतचा स्तूप होता. त्याचे कठडे आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. त्यावर दान देणाऱ्यांची जी नावं आहेत त्यात करहकट निगमाचं दान आहे. एका माणसाचं नव्हे, अख्ख्या व्यापारी गावाचं. म्हणजे ख्रिस्तपूर्व काळात कराडकरांचा पैसा पार विंध्यापलीकडे पोचला होता. मध्ये नर्मदा, सातपुडा, विंध्य, सगळं आडवं होतंच की.

मग डोंगराने केलं काय? माझं म्हणणं असं: डोंगर, वाळवंट, समुद्र यांनी माणसांची गाठ चुकवली नाही. ती कुठे पडायची, वर्षातल्या कुठल्या महिन्यात पडायची आणि तिच्यावर हात कोणाचा, एवढं त्यांनी ठरवलं. सह्याद्रीची रचनाच बघा. बेसाल्टचे थर एकावर एक, पश्चिमेला ताशीव कडा, पूर्वेला हळूहळू उतरत जाणारं पठार. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत पासष्ट किलोमीटरसुद्धा नाही, पण ती जाते चौदाशे किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला. कड्याची ही धार ओढ्यांनी जिथे कापली तिथेच नाळ किंवा खिंड तयार झाली आणि माणूस-जनावर फक्त तिथूनच चढू-उतरू शकलं. सपाट मुलखात व्यापारी दहा वाटांनी पांगतो. घाटात तो नरसाळ्यात ओतल्यासारखा एका तोंडाशी येतो. आणि तिथे मग जकात बसते, पाण्याची टाकी खोदली जातात, लेणी होतात, पेठ उभी राहते.

नाणेघाट बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. वर पोचलं की तो दगडी रांजण, ज्याला सगळे जकातीचा रांजण म्हणतात, आणि गुहेत सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख. घाटाच्या डोक्यावर राजघराण्याने आपल्या यज्ञांची नि दानांची जंत्री कोरून ठेवलीय. कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक. मागे जुन्नरला लेण्यांची रांगच रांग, बोरघाटाच्या डोक्यावर कार्ले-भाजे, आणि कुंभार्लीच्या वाटेवर आमचं आगाशिव. इतिहासकार दामोदर कोसंबींनी लेणी आणि घाटवाटा यांचा हा संबंध फार पूर्वीच दाखवून दिलाय. मी नवीन काही सांगत नाही. फक्त तोच नियम जगभर लावून बघूया असं म्हणतोय.

मंडळींनी आपापली उदाहरणं टाकावीत. विरोधातली असली तर आधी टाकावीत.

---

माणदेशी_गडी

रुमाल टाकून ठिवतो. रात्री निवांत वाचतो.

---

मास्तरीणबाई_फलटण

धागा आवडला, पण शाळेतल्या उत्तराची बाजू घ्यायला कोणीतरी हवं म्हणून लिहिते. (तीस वर्षं तेच उत्तर तपासलंय, थोडं प्रेम बसणारच.)

अडथळा वाट ठरवतो हे मान्य. पण त्याआधी तो एक मोठं काम करतो, त्याबद्दल तुम्ही बोललाच नाहीत. तो दोन्ही बाजूंना वेगवेगळं पिकवतो. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या घरात. दोन्ही गावं सातारा जिल्ह्याचीच! ढग सह्याद्रीला अडतात म्हणून खाली भात, नारळ, मीठ, मासळी, आणि वर ज्वारी, कापूस, मेंढरं. दोन्हीकडे सारखंच पिकत असतं तर घाट चढायची कोणाला हौस होती? म्हणजे भिंतीनेच देवघेवीचं कारण तयार केलं.

दुसरं, वेळ. चार महिने घाट बंद. नुसते निसरडे नाहीत, बंदच. ओढे उतरू देत नाहीत, धुक्यात हातभर पुढचं दिसत नाही, बैलाचे खूर कुजतात. आणि समुद्रही त्याच चार महिन्यांत बंद. एवढा मोठा खंड पडत असताना 'गाठ चुकवली नाही' म्हणणं मला जरा धाडसाचं वाटतं.

---

प्रीतिसंगम (धागाकर्ता)

बाई, पहिला मुद्दा माझ्या धाग्यापेक्षा सरस आहे. दुसऱ्यावर मात्र हटणार नाही, कारण तो खंड म्हणजेच वेळापत्रक होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' हे ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याचं टिपण घ्या. इजिप्तमधून हिंदुस्थानला निघणारी जहाजं जुलैच्या सुमाराला तांबडा समुद्र सोडायची. नैऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र कापायचा आणि आपल्या किनाऱ्याला लागायचं ते वारा पडत आल्यावर, सप्टेंबरच्या आगेमागे. परत फिरायचं डिसेंबर-जानेवारीत, वारा उलटा फिरला की. मधले तीन महिने जहाज बंदरात. आता हेच तीन महिने घाटावरून बघा: पाऊस ओसरलेला, वाट वाळलेली, खरीप निघालेलं, बैल रिकामे. दिवाळी झाली की गोण्या लादलेले तांडे खाली उतरायला मोकळे आणि खाली गिऱ्हाईक माल घ्यायला थांबलेलं. दोन्ही दरवाजे एकाच वाऱ्याने बंद होत होते आणि लागोपाठ उघडत होते. ही सोय कोणी आखली नव्हती, पण तिच्यावर शेकडो वर्षं व्यापार चालला.

हा व्यापार किरकोळही नव्हता. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की त्याच्या काळात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या एकट्या मायॉस हॉर्मॉस बंदरातून १२० पर्यंत जहाजं हिंदुस्थानकडे निघत.

---

माणदेशी_गडी

वाचलं. आता माझं ऐका. तुम्ही सगळे व्यापारी-व्यापारी करताय, पण घाटाच्या वाटा पहिल्यांदा कुणी पाडल्या? मेंढरांनी!

आमच्याकडचे धनगर अजूनबी दिवाळीनंतर वाडं हलवत्यात. इकडं चारा संपतो, तिकडं कोकणात भात कापून रानं मोकळी झालेली असत्यात. मेंढरं खाली उतरवायची, रानात बसवायची. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य नायतर पैसं. पावसाच्या आदी परत वर. घोड्यावर संसार, बाया पुढं, मेंढरं मागं. कुठल्या घाटाला कुठं पाणी हाय, कुठल्या वळणावर मेंढरू कड्यावरनं जातंय, ही माहिती सरकारी नकाशात नसती. एका म्हाताऱ्याला मी इचारलं, एवढ्या लांब जाताय, डोंगर आडवा येत न्हाई का? म्हणला, डोंगर हाय म्हणून तर पलीकडं चारा हाय.

मास्तरीणबाईंचा पाऊस आन म्हाताऱ्याचा चारा, एकच गोष्ट झाली बगा.

---

वाशिष्ठी_तीर

घाटावरच्यांनी कोकण शोधून काढल्याबद्दल आम्ही चिपळूणकर आभारी आहोत. :)

खालच्या बाजूनेही थोडं बघा. आमच्याकडे बंदरं म्हणजे खाड्या. गलबत भरतीबरोबर खाडीतून जमेल तेवढं आत येणार, मग माल उतरवून बैलावर. दाभोळला समुद्र, चिपळूणला खाडीचा शेवट आणि तिथून कुंभार्ली. म्हणून बंदर मोठं व्हायचं की नाही हे समुद्रापेक्षा मागे घाट कुठला आहे त्यावर ठरायचं. मागे घाट नसलेली कितीतरी सुंदर बंदरं मासेमारीपलीकडे गेलीच नाहीत.

आणि घाट चढून काय काय वर गेलं त्याचा नमुना बघायचा असेल तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात जो ठेवा सापडला, त्यात पोसायडनची काशाची मूर्ती आहे. वीतभरही नाही. ग्रीक-रोमनांचा समुद्रदेव, आणि जाऊन बसला कुठे, तर जिथून समुद्र दिसतही नाही अशा घाटमाथ्यावरच्या गावात. त्याच्यासोबत रोमन घाटाची भांडी होती. (घाटाची म्हणजे घडणीची. या धाग्यात खुलासा केलेला बरा.) मला नेहमी प्रश्न पडतो की ती मूर्ती कोणी पुजायला घेतली, की काहीतरी वेगळं दिसतंय म्हणून कोनाड्यात ठेवली.

---

उलटतपासणी

मजा येतेय, पण सगळे मिळून एकाच बाजूला झुकलेत. मी विरोधातलं टाकतो, मागितलंच आहे तर.

अमेरिका. मेक्सिकोत प्राचीन काळची, मातीची चाकं लावलेली खेळणी सापडलीत. म्हणजे चाक ठाऊक होतं, पण ओढायला जनावर नव्हतं. दक्षिणेला अँडीजमध्ये लामा होता, माल वाहणारं जनावर, पण चाक नव्हतं. दोन मोठ्या संस्कृती एकाच भूभागावर, पण चाक खाली गेलं नाही आणि लामा वर आला नाही. मध्ये पनामाचं जंगल आणि दारियनची दलदल. आजही अलास्कापासून खाली जाणारा महामार्ग तिथे शंभरेक किलोमीटर तुटलेला आहे. लामा थंड उंचीवरचा प्राणी, त्याला दमट जंगलातून न्यायचा कसा? पूर्व-पश्चिम पसरलेल्या युरेशियात गहू आणि घोडा एकाच हवामानाच्या पट्ट्यातून सरकत गेले. उत्तर-दक्षिण अमेरिकेत प्रत्येक पायरीवर हवामान बदललं. हा युक्तिवाद प्रसिद्ध आहे, मी काही माझा म्हणून मांडत नाही. पण याला तुमच्या नाणेघाटाचं उत्तर नाही.

---

प्रीतिसंगम (धागाकर्ता)

उदाहरण वजनदार आहे. पण त्यातच एक फट आहे, तीही दाखवतो.

धातूकाम. दक्षिण अमेरिकेत ते आधी होतं. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर ते इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमाराला अचानक दिसायला लागतं, आणि घडणीच्या पद्धती थेट इक्वाडोर-कोलंबियाकडच्या. मधल्या मुलखात मात्र त्या पद्धतींचा माग नीट लागत नाही. अभ्यासकांचा निष्कर्ष असा की हे ज्ञान पॅसिफिकच्या किनाऱ्याने समुद्रावरून गेलं. इक्वाडोरचे लोक बाल्साच्या तराफ्यांवरून शिंपल्यांचा व्यापार करायचेच. म्हणजे दारियनला बगल देऊन माणूस गेला. त्याने डोक्यात मावेल ते नेलं. लामा तराफ्यावर चढवला नाही.

म्हणून मी माझं म्हणणं जरा घट्ट करतो: अडथळ्याची चाळणी असते. वजनाला हलकं आणि किमतीला भारी ते पार होतं. जिवंत आणि अवजड ते अडतं. मणी, मसाला, कारागिरी, देव आणि गोष्टी आरामात पार जातात. हत्ती, गाडा आणि फौज अडकते.

---

उलटतपासणी

चाळणी मान्य. पण मग 'गाठ चुकवली नाही' हे वाक्य सोडा. चाक न मिळणं ही साधी गोष्ट नाही.

---

वाईकर_वाचक

चाळणीवरून आठवलं ते टाकतो. चीन आणि हिंदुस्थान हे दोन शेजारी. मध्ये जगातले सगळ्यात उंच डोंगर. हान सम्राट वू याने झांग छियान नावाचा अधिकारी इ. स. पूर्व १३८ मध्ये पश्चिमेकडे दोस्त शोधायला पाठवला. वाटेत श्योंगनू टोळ्यांनी धरून दहाएक वर्षं ठेवून घेतला. सुटून तो बॅक्ट्रियापर्यंत, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानापर्यंत पोचला. तिथल्या बाजारात त्याला काय दिसावं? चीनच्याच नैऋत्य भागातलं शू प्रांताचं कापड आणि चिओंगच्या बांबूच्या काठ्या! इथे कुठून आल्या म्हणून विचारलं तर व्यापारी म्हणाले, शेंदूहून आणतो. शेंदू म्हणजे सिंधूकडचा आपला मुलूख.

म्हणजे सम्राटाला जो रस्ता माहीत नव्हता त्या रस्त्याने काठ्या आणि कापड आधीच जात होतं. युनान-ब्रह्मदेशाच्या डोंगरातून, या गावच्या माणसाने त्या गावाला विकत. पुढे सम्राटाने तोच रस्ता सरकारी खर्चाने उघडायचा प्रयत्न केला, तर वाटेतल्या टोळ्यांनी त्याचे दूत अडवले. माल जाऊ शकत होता, वकील नाही. ही चाळणी डोंगराने लावलेली की डोंगरात राहणाऱ्या लोकांनी, याचा विचार करा. मला दुसरं वाटतं.

त्याचाच पुढचा किस्सा. इ. स. ९७ मध्ये गान यिंग नावाचा दूत रोमला जायला निघाला आणि पार्थियाच्या (तेव्हाच्या इराणी साम्राज्याच्या) पश्चिम टोकाला समुद्रापर्यंत पोचला. तिथल्या खलाशांनी त्याला सांगितलं, वारा चांगला असला तर तीन महिने, नसला तर दोन वर्षं लागतात, लोक तीन वर्षांचं धान्य बरोबर घेतात, आणि समुद्रावर घरच्या आठवणीने माणसं मरतात. बिचारा माघारी फिरला. आता रोम आणि चीन यांच्या मधल्या रेशमावर दलाली कोण खात होतं? पार्थियन. समुद्र त्यांच्या मदतीला होता इतकंच, अडवलं माणसांनी. पुढे इ. स. १६६ मध्ये रोमच्या बादशहाचं नाव सांगणारी माणसं दक्षिणेकडून, समुद्रमार्गे चीनच्या दरबारात पोचली. पार्थियाला वळसा घालून.

---

मिरजेचा_पेठकर

वाईकरांनी दलालांचं काढलं ते बरं झालं. आम्ही व्यापारी माणसं, आम्हाला ते लगेच पटतं.

पेरिप्लसमध्येच याचं घरचं उदाहरण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. पैठणचा अकीक आणि तेरचं सुती कापड गाड्यांवर लादून रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेत, असं तो लिहितो. आता नकाशा उघडा. तेर-पैठणहून कल्याण किती जवळ! नाणेघाट उतरला की आलंच. मग एवढ्या लांब भडोचला गाड्या का हाकायच्या?

त्याचं उत्तरही तोच देतो. कल्याण पूर्वी चांगलं बंदर होतं, पण सँडनीस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती आल्यापासून तिथे अडवाअडवी सुरू झाली, आणि चुकून एखादं ग्रीक जहाज कल्याणला लागलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. गुजरातकडचे शक राजे (क्षत्रप) आणि सातवाहन यांच्या भांडणात घाट तसाच जागेवर राहिला आणि माल शेकडो मैल वळून गेला. भूगोल तोच, राज्य बदललं की रस्ता बदलला.

अवांतर: गाडा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भडोचची वाट लांब होती, पण पठारावरून तापी-नर्मदेच्या खोऱ्यांत उतरायला गाडा चालू शकत होता. नाणेघाटात गाडा उतरत नाही, तिथे सगळं बैलाच्या पाठीवर. आडत्याला विचारा, बैलाच्या पाठीचं भाडं आणि गाड्याचं भाडं यात केवढा फरक पडतो. कापडाचे गठ्ठे असतील तर लांबची वाटही परवडली असेल.

---

कृष्णाकाठची_मीना

मिरजेचे दादा, गाड्यावरून पालघाटाचं आठवलं. सह्याद्रीला केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर एक मोठं भगदाड आहे, तीसेक किलोमीटर रुंद आणि समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास उंच. केरळच्या किनाऱ्यावरच्या जुन्या मुझिरीस बंदरावरून त्यातून सरळ कोइम्बतूर, करूर. आणि रोमन नाण्यांचे हंडे सगळ्यात जास्त कुठे सापडतात? कोइम्बतूरच्या परिसरात. आपल्या घाटांतून पाझरत होतं, तिथे वाहत होतं.

बाकी, इजिप्तबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहिते. 'वाळवंटाने वेढलेलं' म्हणतात त्या देशाच्या ख्रिस्तपूर्व ३००० च्याही आधीच्या थडग्यांत लाजवर्दाचे, म्हणजे निळ्या मौल्यवान दगडाचे मणी आहेत. लाजवर्दाची त्या काळची खाण अफगाणिस्तानात बदख्शानला! आणि दक्षिणेला अस्वानजवळ नाईलचा पहिला धबधबा, जिथे नावा पुढे जात नाहीत. शाळेच्या भाषेत नैसर्गिक सीमा. पण तिथेच एलिफंटाइन बेटावर अख्खं गाव वसलं, आणि त्या गावच्या अधिकाऱ्यांचं काम काय, तर पलीकडे मोहिमा नेणं. हरखुफ नावाच्या अशाच एका अधिकाऱ्याने आपल्या कबरीवर कोरून ठेवलंय की तो यामच्या मुलखातून ३०० गाढवं लादून परत आला, धूप, आबनूस, हस्तिदंत, बिबट्याची कातडी घेऊन. नाव अडली तिथून गाढव सुरू. प्रीतिसंगमचा नियम लागला की नाही?

पुढे रोमनांच्या काळात नाईलवरच्या कॉप्टॉसहून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेला उंटांवरून बारा दिवस लागत, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. प्रवास बराचसा रात्री, मुक्काम पाण्याच्या ठिकाणांवर. त्याच बेरेनिकेच्या देवळात एका मोठ्या हिंदुस्थानी रांजणात साडेसात किलो मिरे सापडले, आणि २०२२ मध्ये तिथे बुद्धाची संगमरवरी मूर्तीही मिळाली.

---

मास्तरीणबाई_फलटण

मीना, छान लिहिलंस ग. वाळवंटाबद्दल माझीही एक भर. चीनच्या पश्चिमेकडच्या तक्लामाकानच्या वाळवंटाला वळसा घालणारे दोन रस्ते होते, एक उत्तरेच्या कडेने, एक दक्षिणेच्या. खोतान, कुचा, ही सगळी गावं त्या कडेवर. का? कारण कुनलुन आणि तिएनशान पर्वतांवरचं बर्फ वितळून येणारं पाणी वाळूत जिरायच्या आधी तिथेच मिळतं. म्हणजे ज्या डोंगरांना आपण आडवे म्हणतो त्यांच्यामुळेच वाळवंटात गावं होती, आणि गावं होती म्हणून रस्ता. कुचाचा कुमारजीव इ. स. ४०१ मध्ये चांगआनला पोचला आणि त्याने बौद्ध ग्रंथ चिनीत आणले. त्याचे वडील काश्मीरकडचे, आई कुचाच्या राजघराण्यातली. असा माणूस अशा गावातच जन्माला येतो.

वर्गात मी आता अडथळा शब्द वापरते, पण पुढे लगेच विचारते, कोणाला अडथळा?

---

माणदेशी_गडी

मेंढराला न्हाई.

---

उलटतपासणी

'कोणाला अडथळा' याचं एक करकरीत उदाहरण माझ्याकडूनच घ्या, कारण तुमच्यापैकी कोणी देईना. मकरानचा, म्हणजे बलुचिस्तानचा किनारा. इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिकंदर सिंधूच्या मुखाकडून परत फिरला तेव्हा फौज घेऊन जमिनीवरून गेला. गेड्रोशियाच्या वाळवंटात पाण्यावाचून माणसं आणि जनावरं पटापट मेली. त्याचं आरमार निआर्कसच्या हाताखाली त्याच किनाऱ्याने समुद्रातून गेलं. हाल झाले, पण पोचलं.

आणि त्याच्या दोन हजार वर्षं आधी हडप्पाचे लोक हाच किनारा धरून इराणच्या आखातात जात होते. सुतकागेनदोरला त्यांचं ठाणं होतं. मेसोपोटेमियातला (आजच्या इराकातला) अक्कडचा राजा सारगॉन फुशारकी मारतो की मेलुहा, मगन आणि दिलमुनची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधूकडचा प्रदेश, मगन म्हणजे ओमान, दिलमुन म्हणजे बहरीन, असं बहुतेक अभ्यासक धरतात. उरच्या शाही थडग्यांत आपल्याकडच्या नक्षीदार अकीकाचे मणी निघाले. मी विरोधी पक्षातच आहे, पण पुरावा लपवायचा नाही.

---

नवा_सभासद_इस्लामपूर

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. एक शंका. हडप्पावाले समुद्राने गेले ठीक, पण मघाशी मीनाताईंनी लिहिलेला लाजवर्द डोंगरातला. तो सिंधूकडे कसा यायचा? हिंदुकुश तर सह्याद्रीच्या चौपट-पाचपट उंच.

---

वाईकर_वाचक

स्वागत! सांभाळून कसलं घ्यायचं, नेमका प्रश्न आहे.

हडप्पावाल्यांनी डोंगर ओलांडून पलीकडे चक्क वस्तीच केली. अफगाणिस्तानच्या उत्तर टोकाला, आमूदर्याजवळ शोर्तुगाई. तिथे हडप्पा पद्धतीच्या विटा, भांडी, शिक्का मिळालाय. सिंधूच्या शहरांपासून शेकडो कोस लांब, पण बदख्शानच्या खाणीच्या जवळ. पलीकडच्याकडून माल विकत घ्यायचा तर दलाली द्यावी लागते. आपलाच माणूस पलीकडे बसवला की ती वाचते. मिरजेच्या पेठकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

---

मिरजेचा_पेठकर

अजिबात नाही. आमच्या आजोबांनी हळदीसाठी राजापुरी पेठेत माणूस बसवला होता तो याच हिशोबाने.

---

कृष्णाकाठची_मीना

प्रीतिसंगम, एक कराडचं तुम्ही विसरलात का मुद्दाम ठेवलंत? महाभारतात सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात करहाटक येतं, आणि भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत दोन श्लोकांच्या अंतरावर अंताखी, रोमा आणि यवनांचं नगर. अंताखी म्हणजे अँटिओक असं मानलं जातं. सहदेव तिकडे गेला नाही, त्याने दूत पाठवले. कराडलाही दूतच पाठवले!

---

प्रीतिसंगम (धागाकर्ता)

मुद्दाम ठेवलं होतं, पण तुम्ही आधी गाठलंत. त्या श्लोकरचनाकाराच्या डोक्यातल्या नकाशात कराड आणि रोम एकाच यादीत बसत होते, हे मला फार आवडतं. कराडात हे सांगितलं की लोक एवढे खूश होतात की चहाचे पैसे घेत नाहीत.

---

नवा_सभासद_इस्लामपूर

कुडे आणि आगाशिव बघायचं तर कधी जावं? मुलांना घेऊन जायचंय.

---

वाशिष्ठी_तीर

कुड्याला पावसाळा सोडून कधीही या. माणगावकडून गाडीरस्ता आहे, शेवटी थोडी चढण. खाडी वरूनच दिसते, मुलांना लगेच कळेल की लेणी तिथे का. महिकचा लेख शोधायचा तर आधी लेखाचा फोटो जवळ ठेवा. भिंतीवर अक्षरं पुसट आहेत, आणि तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी किंवा दुपार उतरल्यावर जास्त नीट दिसतात. बॅटरी आडवी धरली तरी चालतं. भिंतीला खडू किंवा पाणी कृपा करून लावू नका.

---

प्रीतिसंगम (धागाकर्ता)

आगाशिवला जखिणवाडीकडून चढा, लवकर सकाळी. पाणी बरोबर घ्या. वरून कोयना आणि कृष्णेची खोरी दिसतात, आणि कोयनेचं खोरं पश्चिमेला पाटणकडे आत शिरताना दिसतं. तीच कुंभार्लीची वाट. उतरल्यावर आमच्याकडे जेवायला या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

माणदेशी_गडी

आमास्नी न्हाई का आवतान?

---

प्रीतिसंगम (धागाकर्ता)

तुम्ही मेंढरं सोडून या आधी.